अवकाशातून आणलेले दगड सांभाळायचे कसे, आणि नक्की कोणापासून?

गारगोटी

मागे एका धाग्यावर कोणीतरी सहज लिहून गेलं होतं की चंद्रावरचे दगड तिथे अब्जावधी वर्षं उन्हातान्हात, उल्कांचा मारा खात उघड्यावर पडलेले, त्यांना इथे आणून एवढं तिजोरीबंद कशाला ठेवतात, दगडाला काय होणारे? प्रश्न एकदम रास्त आहे. तिथे उत्तर द्यायला घेतलं तर ते इतकं लांबलं की म्हटलं वेगळा धागाच काढू.

तर थोडक्यात (थोडक्यात जमणार नाहीये, आधीच सांगतो): चंद्रावर हवा नाही, पाणी जवळजवळ नाही, जीवजंतू नाहीत. म्हणजे दगडाला गंजवणाऱ्या, कुजवणाऱ्या, विरघळवणाऱ्या ज्या गोष्टी आपण गृहीत धरतो त्यातली एकही तिथे नाही, आणि पृथ्वीवर आल्याक्षणी त्या सगळ्या एकदम अंगावर येतात. चांद्रधुळीत शुद्ध लोखंडाचे अतिसूक्ष्म कण असतात, त्यांना दमट हवा लागली की गंज. काचेचे मणी असतात, त्यांच्या पृष्ठभागावर बाष्प बसतं. आणि आपण माणसं तर चालतेफिरते उकिरडेच, त्वचेचे कण, घाम, श्वास, क्रीम, डिओ.

अपोलोच्या सहा मोहिमांनी १९६९ ते १९७२ मध्ये ३८२ किलो माल आणला. तो ह्यूस्टनला नासाच्या जॉन्सन स्पेस सेंटरमध्ये १९७९ साली खास बांधलेल्या इमारतीत आहे. स्टीलची, काचेच्या खिडक्यांची कपाटं, आत सतत शुद्ध नायट्रोजन वाहता, आणि आतला दाब खोलीपेक्षा किंचित जास्त. म्हणजे कुठे बारीक गळती झालीच तर आतला वायू बाहेर जाईल, बाहेरची हवा आत येणार नाही. कपाटाला बसवलेल्या लांब हातमोज्यांत हात घालून काम करायचं. आणि दगडाला आत काय काय टेकू शकतं याची यादी फार छोटी आहे: ॲल्युमिनियम, स्टेनलेस स्टील, टेफ्लॉन. संपली यादी. दगड कापायचा असेल तर करवतीवर पाणी किंवा तेल सोडत नाहीत, कोरडंच कापतात.

आणि सगळी अंडी एका टोपलीत नकोत म्हणून एक हिस्सा न्यू मेक्सिकोत व्हाइट सँड्सला वेगळा ठेवलाय. ह्यूस्टनला चक्रीवादळं येतात हे विसरू नका.

काजवा

रोचक! एक भाबडी शंका, नायट्रोजनच का? चंद्रावर निर्वात आहे तर इथेही निर्वातच ठेवायचं ना सरळ.

रसायन_काका

काजवा, अगदी हाच विचार १९६९ मध्ये नासाने केला होता. अपोलो ११ चा डबा उघडायला निर्वात चेंबर बनवलं होतं. आता विचार करा, आत निर्वात आणि बाहेर आपल्या हवेचा दाब, मधे हातमोजा. तो मोजा आतल्या बाजूला असा ताठ फुगतो की बोट वाकवायला जीव जातो, तासभर काम केलं तर माणूस गळून जातो. त्यात मोज्याला गळती लागली की बाहेरची हवा थेट नमुन्यावर शिट्टी मारत जाणार. तशी गळती झालीही, आणि चांद्रजंतूंच्या भीतीने तिथल्या काही तंत्रज्ञांना क्वारंटाइनमध्ये जावं लागलं. लवकरच निर्वाताचा नाद सोडून नायट्रोजनवर आले.

नायट्रोजन का, तर स्वस्त, भरपूर, द्रवरूपात साठवता येतो आणि उकळून येणारा वायू फार शुद्ध मिळतो, आणि खोलीच्या तापमानाला तो सहसा कोणाशी भांडत नाही. कपाटातला ऑक्सिजन आणि बाष्प दोन्ही सतत मोजत असतात, दहा लाखात काही मोजके भाग एवढंच चालतं.

निर्वात पूर्ण सुटलेलं नाही बरं का. जपानच्या जाक्सा या अवकाश संस्थेने सागामिहाराला हायाबुसा २ यानाचा डबा निर्वातातच उघडला, त्यातले रयुगू लघुग्रहाचे काही कण निर्वातात उचलून तसेच बाजूला ठेवले आणि मग बाकीचं काम नायट्रोजनमध्ये केलं. तिथे माल एकूण ५.४ ग्रॅम होता. ३८२ किलोला हे करायला गेलात तर झालंच.

सशंक_सदा

हे सगळं ठीक आहे पण मला यात थोडा देव्हारा दिसतो. पन्नास वर्षं झाली, अजून बराचसा माल तसाच पडून आहे म्हणे. इतका पैसा घालून आणलं ते काय तिजोरीत बघायला? सगळं वाटून टाका जगातल्या प्रयोगशाळांना, करू दे संशोधन.

गारगोटी

सशंकराव, वाटतात की. दरवर्षी शेकडो नमुने जगभर जातात, मिलीग्रॅम नाहीतर ग्रॅमच्या हिशोबात, उसने म्हणून. परत आलेला तुकडा मात्र पुन्हा मूळच्या ढिगात टाकत नाहीत, त्याची तिजोरी वेगळी, कारण बाहेर त्याने काय काय पाहिलंय याची खात्री कोण देणार.

पण राखून ठेवण्याचा फायदा काय झाला त्याची दोन उदाहरणं देतो, मग ठरवा.

पहिलं, पाणी. अपोलोच्या काळात तपासणी केली तेव्हा चंद्र ठणठणीत कोरडा असं सगळ्यांनी मान्य केलं होतं, पुस्तकांत तसंच छापलं. २००८ मध्ये ब्राउन विद्यापीठाच्या अल्बेर्तो साल यांच्या गटाने अपोलो १५ आणि १७ ने आणलेले ज्वालामुखीय काचेचे मणी नव्या उपकरणाखाली घातले आणि आत पाणी सापडलं. थोडंसंच, पण मण्याच्या गाभ्याकडून कडेकडे कमी होत जाणारं, म्हणजे उद्रेकाच्या वेळी आतलं उडून जाताना राहिलेलं. बाहेरून, आपल्या हवेतून शिरलं असतं तर उलटं दिसलं असतं, कडेला जास्त. तेच मणी, तेच कपाट, फक्त मोजणारं यंत्र पस्तीसेक वर्षांनी आलं.

दुसरं म्हणजे ७३००१ नंबरचा नमुना. अपोलो १७ च्या सेर्नन आणि श्मिट यांनी डिसेंबर १९७२ मध्ये दरड कोसळलेल्या जागी नळी ठोकली, खालचा भाग तिथेच चंद्रावर निर्वात डब्यात बंद केला. तो डबा मुद्दाम उघडलाच नाही. २०२२ मध्ये उघडला. आधी बाहेरच्या डब्यातला वायू काढून घेतला, मग आतल्या डब्याला भोक पाडून त्यातला वायू गोळा करायला युरोपियन स्पेस एजन्सीने खास हत्यार बनवलं, आणि नळी फोडायच्या आधी तिचं सीटी स्कॅन केलं म्हणजे आत कुठला खडा कुठे आहे ते माती हलायच्या आधीच कळलं. १९७२ मध्ये असं स्कॅन करता आलं असतं का?

खगोलवेडी

+१ गारगोटी. नासाच्या ओसायरिस-रेक्स यानाने २०२३ च्या २४ सप्टेंबरला युटाच्या वाळवंटात बेन्नू लघुग्रहाचा माल उतरवला, १२१.६ ग्रॅम, त्यातला निदान ७० टक्के पुढच्या पिढ्यांसाठी राखायचा हे आधीपासूनच ठरलेलं आहे.

आणि त्या स्क्रूंची गोष्ट कोणी सांगितली की नाही अजून? डब्याच्या झाकणाला ३५ स्क्रू, त्यातले दोन निघेनात. आता तुम्ही आम्ही काय केलं असतं, तेल सोडलं असतं, ठोकलं असतं, मोठा पाना आणला असता. तिथे तेल नाही, ठोकणं नाही, आणि पाना कसला आणायचा तर कपाटात जायला परवानगी असलेल्या धातूचाच. शेवटी बाहेर बसून नवीन हत्यारं बनवली, शस्त्रक्रियेत वापरतात तसल्या चुंबक न होणाऱ्या स्टीलची, आधी नकली डब्यावर सराव केला, आणि जानेवारी २०२४ मध्ये ते दोन स्क्रू निघाले. तोपर्यंत बाहेर सांडलेला आणि फटीतून चिमट्याने काढलेला मिळून ७०.३ ग्रॅम माल आधीच हातात आला होता, म्हणजे मोहिमेचं ६० ग्रॅमचं लक्ष्य झाकण न उघडताच पार!

दिगंत

हा हा, दोन स्क्रूंसाठी साडेतीन महिने. माझ्यासारख्याने छिन्नीच मारली असती.

भिंगवाला

दिगंत, म्हणून तुम्हाला ठेवलं नाही तिथे.

गंमत सोडा, नायट्रोजनचा एवढा अट्टहास का याचं सगळ्यात भारी उत्तर बेन्नूतच मिळालं. जानेवारी २०२५ मध्ये निकाल आले त्यात क्षार होते, सोडियमचे कार्बोनेट, फॉस्फेट, क्लोराइड, म्हणजे कधीकाळी खारं पाणी हळूहळू आटत गेलं त्याचा थर. हे क्षार दमट हवेत ठेवले तर ओल धरतात, विरघळतात, गायब होतात. उल्का म्हणून पृथ्वीवर पडलेल्या दगडांत ते अख्खे क्वचितच टिकतात.

याच्या उलट ओर्गेई उल्का बघा. १८६४ मध्ये फ्रान्समध्ये पडली, लगेच उचलली, संग्रहालयांत जपली. तिच्यात पांढऱ्या सल्फेटच्या शिरा दिसतात. कित्येक दशकं लोकांनी त्यावरून लिहिलं की बघा, मूळ लघुग्रहावर पाणी वाहिल्याचा पुरावा. मग २००१ च्या सुमारास दाखवलं गेलं की त्या शिरा संग्रहालयाच्या कपाटात, हवेतल्या बाष्पाने तयार झाल्यात! पुढे रयुगूचा माल आला, तो जातीने ओर्गेईचाच भाऊ, आणि त्यात त्या सल्फेटच्या शिरा नाहीत. दीडशे वर्षं जपलेल्या उल्केबद्दल आपण काय काय समजून बसलो होतो ते पाच ग्रॅम स्वच्छ मालाने निस्तरलं. मला तर हीच गोष्ट या अख्ख्या विषयाचा गाभा वाटते. कपाट, आर्द्रता, झाकण असल्या कारकुनी गोष्टींवर विज्ञानाचा निष्कर्ष उभा असतो.

काजवा

बापरे. म्हणजे संग्रहालयातली उल्का बघून आपण थोडी उल्का आणि थोडं संग्रहालय बघतो.

रसायन_काका

बरोबर. चंद्राच्या बाबतीतही तसलाच एक वाद आहे. अपोलो १६ चा ६६०९५ नंबरचा दगड, टोपणनावच गंजका दगड. त्यावर खरोखर गंज आहे. आता हा गंज चंद्रावरचा की परतीच्या वाटेवर लागलेला? यावर लोक दशकानुदशकं भांडले. कारण चंद्रावरून माल आणायच्या ॲल्युमिनियमच्या डब्यांना इंडियम नावाच्या मऊ धातूचं सील होतं, धारदार कडा त्यात रुतून हवाबंद व्हायची असा बेत. पण कडेवर चांद्रधूळ बसली की रुतणार कशी? बऱ्याच डब्यांचं सील नीट बसलंच नाही. त्यामुळे अंतराळयानातली हवा आणि बाष्प लागलं असणार हा संशय कायम डोक्यावर.

सशंक_सदा

ओर्गेईचं उदाहरण पटलं, मान्य. पण मग एक सांगा, एवढं करून माल स्वच्छ राहतो का? की समाधान फक्त?

खगोलवेडी

शंभर टक्के नाही राहत, आणि म्हणूनच या लोकांचं अर्धं काम म्हणजे घाण नक्की कुठली ते माहीत करून ठेवणं.

नासाच्या स्टारडस्ट यानाचं उदाहरण भारी आहे. २००६ मध्ये वाइल्ड २ धूमकेतूची धूळ एरोजेलमध्ये पकडून आणली. एरोजेल म्हणजे जवळजवळ हवेइतकं हलकं, पारदर्शक, सेकंदाला सहा किलोमीटरने आलेला कण त्यात घुसून हळूहळू थांबतो. त्यात ग्लायसिन हे अमिनो आम्ल सापडलं. पण सोबत आणखी एक अमिनो आम्ल भरपूर सापडलं आणि ते निघालं नायलॉनचं! हाताळणीत वापरलेल्या नायलॉनच्या पिशवीतून आलेलं. मग ग्लायसिनसुद्धा नायलॉनचंच नसेल कशावरून? शेवटी कार्बनचे समस्थानिक (एकाच मूलद्रव्याचे कमीजास्त वजनाचे अणू) मोजून २००९ मध्ये ते धूमकेतूचंच असं ठरलं. धडा घेऊन बेन्नूच्या वेळी नायलॉनला हद्दपार केलं. शिवाय यान बनवताना वापरलेल्या वस्तूंचे तुकडे, यानाबरोबर गेलेल्या साक्षीदार चकत्या (वाटेत काय घाण बसली ते टिपणाऱ्या कोऱ्या चकत्या), आणि युटात डबा उतरला तिथली माती आणि हवा, हे सगळं जपून ठेवलंय. पुढे कोणाला काही विचित्र सापडलं तर आधी या कपाटात बघायचं.

आणि तरीही. रयुगूचा एक कण लंडनच्या इंपीरियल कॉलेजात गेला, तिथे तयारी करताना हवेशी संबंध आला आणि त्यावर धाग्यासारखे जीवाणू वाढले. २०२४ मध्ये छापून आलं. आधीच्या स्कॅनमध्ये नव्हते आणि मग आठवड्याभरात वाढले, त्यावरून कळलं की आपल्याच इथले. परग्रहवासी नाहीत, निराश होऊ नका.

दिगंत

आपले जीवाणू कुठेही संसार थाटतात, दंडवत त्यांना.

कोणी जेनेसिसबद्दल लिहा ना. ते यान आपटलं होतं ना?

भिंगवाला

आपटलं म्हणजे कसं, ८ सप्टेंबर २००४, युटा, पॅराशूट उघडलंच नाही कारण वेग कमी झाल्याचं ओळखणारा सेन्सर आराखड्यातच उलटा बसवलेला. सौरवाऱ्याचे, म्हणजे सूर्यातून सतत बाहेर पडणाऱ्या कणांच्या झोताचे, अणू गोळा करायला सिलिकॉन, नीलम, सोनं, हिरा असल्या अतिशुद्ध चकत्या होत्या, त्यांचे दहा हजारांवर तुकडे झाले आणि चिखलात मिसळले.

आता बघा दूरदृष्टी काय असते. सौरवाऱ्याच्या वेगवेगळ्या प्रकारांसाठी वेगवेगळे संच होते आणि प्रत्येक संचातल्या चकत्यांची जाडी मुद्दाम वेगळी ठेवली होती. त्यामुळे चुरा झाला तरी तुकड्याची जाडी मोजून तो कुठल्या संचातला ते सांगता येतं. आणि सूर्याचे अणू पृष्ठभागाच्या आत घुसून बसलेले, चिखल मात्र वर. म्हणून अतिशुद्ध पाण्याने, कधी आम्लाने वरचं धुवायचं आणि आतलं मोजायचं. २०११ मध्ये त्यातूनच सूर्याच्या ऑक्सिजनचे समस्थानिक मोजले आणि ते पृथ्वीपेक्षा वेगळे निघाले. मोडकळीस आलेल्या मालातूनही, नोंदी नीट असतील तर, बरंच निघतं.

नोंदी गेल्या की मात्र सगळं गेलं. २००२ मध्ये जॉन्सन सेंटरमधूनच तिथे शिकाऊ म्हणून काम करणाऱ्यांनी चांद्रनमुन्यांची अख्खी तिजोरी पळवली, विकायला निघाले आणि पकडले गेले. दगड परत मिळाले, पण मधल्या काळात ते कुठे, कशात, कोणाच्या हातात होते ते कोण लिहून ठेवणार? शास्त्रीय दृष्टीने त्यांची किंमत तिथेच घसरली.

काजवा

अवांतर: अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष निक्सन यांनी देशोदेशी वाटलेले चंद्राचे तुकडे पण हरवलेत ना बरेच?

गारगोटी

हो, ती वेगळीच करमणूक. १३५ देशांना आणि अमेरिकेतल्या राज्यांना दिले, कितीतरींचा पत्ता नाही. आयर्लंडचा एक तुकडा १९७७ च्या डनसिंक वेधशाळेच्या आगीनंतर राडारोड्याबरोबर कचरा डेपोत गेला. माल्टाचा चोरीला गेला. आणि ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये एका माजी पंतप्रधानाच्या वस्तूंतून आलेला चांद्रदगड होता, तो २००९ मध्ये तपासला तर अश्मीभूत लाकूड निघालं. :) प्लास्टिकच्या गोळीत बंद करून दिलेल्या त्या तुकड्यांचा संशोधनाला फारसा उपयोग नव्हताच म्हणा.

सशंक_सदा

बरं आता शेवटचा प्रश्न. आतापर्यंत आपण दगडाला आपल्यापासून वाचवतोय. मंगळाचा माल आला तर आपल्याला त्याच्यापासून वाचवायचं की नाही?

रसायन_काका

इथे खरी गोची आहे आणि ती इस्कटून सांगण्यासारखी आहे. दगडाला वाचवायचं तर कपाटात दाब जास्त हवा, गळती बाहेरच्या दिशेने. लोकांना वाचवायचं तर दाब कमी हवा, गळती आतल्या दिशेने, घातक विषाणूंच्या प्रयोगशाळांत असतो तसा. दोन्ही एकाच भिंतीने होत नाही. म्हणून मंगळासाठी दुहेरी भिंतीचा विचार आहे: आत नमुन्याभोवती शुद्ध वायू जास्त दाबाने, त्याभोवती एक पोकळी जिच्यात दाब सगळ्यात कमी, मग बाहेर खोली. कुठूनही गळलं तरी मधल्या पोकळीतच जाणार. ऐकायला सोपं, त्यात हातमोजे, सूक्ष्मदर्शक आणि यंत्रमानवाचे हात बसवायला गेलात की डोकेदुखी.

अपोलोच्या वेळी हा प्रश्न ढोबळपणे सोडवला होता. चांद्रवीरांना २१ दिवस वेगळं ठेवलं, उंदीर, लावे, झुरळं, मासे, झाडं सगळ्यांना चांद्रधूळ दिली, कोणाला काही झालं नाही, अपोलो १४ नंतर क्वारंटाइन बंद. चंद्र मेलेला आहे हे कळल्यावर ठीक. मंगळाबद्दल तसं छातीठोकपणे म्हणायची कोणाची तयारी नाही.

खगोलवेडी

माल तर तिकडे भरून तयार आहे. मंगळावरच्या नासाच्या पर्सिव्हिअरन्स रोव्हरकडे ४३ नळ्या, त्यातल्या ५ साक्षीदार, म्हणजे त्यात मंगळाचा खडक घ्यायचाच नाही, रोव्हरची स्वतःची घाण किती ते नोंदवायला. थ्री फोर्क्स नावाच्या जागी १० नळ्या जानेवारी २०२३ पर्यंत जमिनीवर मांडूनही ठेवल्यात. आणायचं कोणी आणि कोणाच्या पैशाने यावर घोडं अडलंय.

चीनने मात्र चांग ए ५ यानाने २०२० मध्ये चंद्रावरून १,७३१ ग्रॅम आणि चांग ए ६ ने जून २०२४ मध्ये चंद्राच्या पलीकडच्या बाजूचा १,९३५.३ ग्रॅम आणला, आणि त्यांनीही दुसऱ्या गावात राखीव साठा ठेवलाय. चंद्रावरून माल आणायची चांद्रयान ४ मोहीम मंजूर आहे, तेव्हा आपल्याकडेही असली कपाटं लागणार आहेत. माझं मत विचाराल तर ती यान उडायच्या कितीतरी आधी तयार हवीत, कारण यान बनवताना कुठला डिंक, कुठलं वंगण वापरायचं हे कपाटवाल्यांनी सांगायचं असतं.

दिगंत

आणि ध्रुवावरचा बर्फ आणला तर? तो तर नायट्रोजनमध्येपण वितळेल.

गारगोटी

त्याची रंगीत तालीम चालू आहे. अपोलो १७ चे काही नमुने, त्यात कायम सावलीत असलेल्या जागेतली माती पण होती, आणल्यावर लवकरच फ्रीझरमध्ये टाकले होते आणि पन्नास वर्षं तिथेच होते. २०२२ मध्ये ते उघडायला ह्यूस्टनला माणूस आत उभा राहील एवढ्या उणे २० अंशांच्या फ्रीझरमध्ये अख्खी नायट्रोजनची पेटी बसवली. काम करणारे जाड कोट घालून आत जायचे, हात पेटीच्या मोज्यात, त्यात थंडीने बोटं बधिर. उणे २० ला एवढी तारांबळ, आणि ध्रुवावरच्या सावलीतल्या विवरांत तापमान उणे २०० च्याही खाली जातं. तिथला बर्फ तसाच गार ठेवून यानातून आणणं, उतरवणं, तापत्या जमिनीवरून उचलणं आणि मग त्यात हात घालून काम करणं, हे चारही टप्पे अजून कोणी एकत्र करून दाखवलेले नाहीत.